कांद्याचे पंचांग

छत्रपती संभाजीनगराच्या पश्चिमेस तासाभराच्या अंतरावर गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनचा कांदाबाजार आहे, त्याच्या पलीकडे वैजापूरची शिवारे उन्हाळ्याच्या तोंडी काढलेल्या कांद्याने तांबूस दिसू लागतात, आणि त्याच लोहमार्गाने मनमाड ओलांडून पुढे गेले की निफाड तालुक्यातील ते लासलगाव लागते, ज्याच्या बाजारभावाची खबर दिल्लीच्या मंत्रालयांनाही रोजच्या रोज ठेवावी लागते. अशा मुलुखात राहणाऱ्या गृहस्थाने आपल्या परसात किंवा गच्चीवर कांदा पिकविण्याची उठाठेव कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी केल्यास पैशाच्या हिशेबाने त्याचे समाधान करणे कठीण आहे. मीटरभर लांब व मीटरभर रुंद वाफ्यातून, सर्व काही यथास्थित घडले तर, अडीच-तीन किलो कांदा निघतो, आणि झुणका, पिठले, कांदेपोहे ज्या घरात नित्याचे आहेत तेथे तो पंधरवडाही पुरत नाही. परंतु ज्यांना हिरवी पात हवी तेव्हा खुडता यावी असे वाटते, किंवा काळ्या बारीक बियाचा कांदा होतो तरी कसा हे एकदा डोळ्यांनी पाहावेसे वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि तो लिहिण्याचे मुख्य कारण असे की घरगुती लागवडीतील बहुसंख्य अपयशे माती वा खत यांच्या दोषाने न येता चुकीच्या महिन्यात बी टाकल्याने येतात.

हे समजण्यासाठी कांद्याच्या देहाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. आपण ज्याला कांदा म्हणतो तो पानांच्या तळाचा फुगलेला भाग होय. वर जितकी पाने, तितक्या आत पाकळ्या. एक पान अधिक आले तर एक पाकळी अधिक भरते. आता पाने वाढविण्याचे सोडून कांदा पोसण्यास केव्हा लागायचे, याचा निर्णय ही वनस्पती दिवसाच्या लांबीवरून व हवेतील उष्णतेवरून करते. दिवस विशिष्ट मर्यादेपर्यंत वाढला आणि ऊब आली की ती नवी पाने काढणे थांबवून जमविलेले अन्न खाली साठवू लागते, मग त्या वेळी रोपाला चार पाने असोत की दहा. म्हणून उशिरा लावलेल्या रोपाला पाने कमी असतानाच उन्हाळ्याची सूचना मिळते आणि त्याचा चिंगळी कांदा होतो. उलट, ज्याने अधीरपणाने फार लवकर बी टाकले, त्याची रोपे पौष-माघाच्या थंडीत भलतीच मोठी व जाड झालेली असतात. कांदा ही मुळात दोन वर्षांच्या आयुष्याची वनस्पती असल्याने अशा जाड रोपांना ती थंडी म्हणजे एक हिवाळा सरल्याची खूण वाटते आणि ती फुलण्याच्या उद्योगाला लागतात. मधोमध पोकळ दांडा येतो, त्यावर गोंडा उमलतो, आणि शेतकरी म्हणतो की डेंगळे आले. डेंगळा आलेल्या कांद्याच्या पोटात कठीण दांडा राहतो, तो साठवणुकीत टिकत नाही, आणि दांडा खुडून टाकल्याने झालेली हानी भरून निघत नाही. या दोन्ही टोकांच्या मधली जी काही आठवड्यांची मुदत आहे, ती साधणे हेच कांदा लावणाराचे खरे कौशल्य.

याच संदर्भात परदेशी बियाण्याविषयी लिहिणे अगत्याचे आहे, कारण आपल्या शहरातील पुष्कळ कुटुंबांची मुलेबाळे इंग्लंड-अमेरिकेत असतात आणि परत येताना मोठ्या कौतुकाने सुबक चित्रांची बियाण्याची पाकिटे घेऊन येतात. आपले शहर सुमारे वीस उत्तर अक्षांशावर वसलेले आहे, आणि येथील जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. लंडनमध्ये त्याच सुमारास साडेसोळा तास सूर्य मावळत नाही. उत्तरेकडील देशांसाठी निवडलेल्या वाणांना कांदा धरण्यासाठी चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. तो येथे बाराही महिन्यांत उगवत नसल्याने त्या बियाण्याची पात भरघोस वाढते, परंतु खाली कांदा म्हणून काही धरत नाही. महाराष्ट्रातील वाण अकरा-बारा तासांच्या दिवसावर काम भागविणारे आहेत. तेव्हा ते पाकीट पातीसाठी खुशाल वापरावे, आणि कांद्यासाठी स्वदेशी बियाणे घ्यावे.

आपल्या राज्यात कांद्याचे तीन हंगाम मानले जातात. खरिपाचा, ज्यास पोळ कांदा म्हणतात, त्याचे बी मे-जूनमध्ये टाकतात, आणि आषाढातील कांदेनवमीला घरोघरी शेवटची भजी तळली जात असताना शेतकऱ्याच्या वाफ्यात त्याची रोपे लागणीच्या तयारीत असतात. दुसरा रांगडा, त्याचे बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पडते. तिसरा रब्बीचा, म्हणजे उन्हाळी कांदा, जो चैत्र-वैशाखात निघून पुढे महिनेन्‌महिने टिकतो. घरी प्रथमच लावणाराने पहिल्या दोघांच्या वाटेस जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळी हवेत रोपे कोलमडतात, पातीवर करपा पडतो, काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, आणि एवढे करून निघालेला कांदा साठवणीस निरुपयोगी असतो. रब्बीत मात्र हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि मजुरी थोडी. कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत बी टाकावे, त्यानंतर पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे चंपाषष्ठीपासून मकरसंक्रांतीपर्यंत, रोपे वाफ्यात लावावीत, आणि अक्षय तृतीयेच्या आगेमागे कांदा काढावा, एवढे पंचांग ज्याने पाळले त्याचे निम्मे काम झाले. शहराच्या सातारा परिसरातील खंडोबाच्या जत्रेहून परतल्यावर, चातुर्मासाच्या नेमानंतर कांदा-वांग्याचे भरीत ताटात पडते त्याच सुमारास पुढल्या उन्हाळ्याचा कांदा जमिनीत जातो, हा योग लक्षात ठेवण्यास सोपा आहे. अधिक मास आला की सण थोडे पुढे-मागे सरकतात. त्या वर्षी इंग्रजी तारीख प्रमाण मानावी.

वाणाची निवडही हंगामाशी बांधलेली आहे. उन्हाळी कांद्यासाठी एन-२-४-१ हे जुने, परीक्षेस उतरलेले वाण निफाड-पिंपळगाव बसवंत भागातील संशोधनातून आलेले असून त्याचा कांदा पाच-सहा महिने टिकतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण व भीमा शक्ती, आणि ॲग्रीफाउंड लाइट रेड हीही चांगली. बसवंत-७८०, एन-५३, फुले समर्थ ही नावे दुकानदार पुढे करील, परंतु ती खरिपाची होत; थंडीत लावली की त्यांत डेंगळे व जोडकांदे फार निघतात. बी मोंढ्यातील वा जाधववाडीकडील कृषी सेवा केंद्रातूनच घ्यावे. किराणा दुकानात कांद्याचे बी म्हणून जी काळी कलौंजी मिळते ती निराळ्याच झाडाची असते, आणि ती पेरून वाट पाहत बसणारी सज्जन माणसे आहेत.

पिशवीवरील मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कांद्याचे बी फार अल्पायुषी; गहू-हरभऱ्याप्रमाणे ते डब्यात ठेवून दोन-तीन वर्षांनी वापरता येत नाही, साध्या हवेत वर्षभरातच त्याची उगवणशक्ती ढासळते. प्रमाणित बियाण्यास निळे लेबल असते, सत्यप्रत बियाण्यास हिरवे, आणि किमान उगवण शेकडा ७० असावी असा दंडक आहे. चाचणीची तारीख व मुदत दोन्ही पाहावीत. अडचण एवढीच की शेतकऱ्यांसाठी बी अर्धा किंवा एक किलोच्या पुड्यांत येते, आणि आपली गरज ती केवढी? एका ग्रॅममध्ये अडीचशे ते तीनशे दाणे असतात, वाफ्यात चौरस मीटरला साठ-पासष्ट रोपे बसतात, म्हणून तीन चौरस मीटरच्या जागेला मरतूक धरूनही दोन ग्रॅम पुष्कळ झाले. लहान पाकीट न मिळाल्यास वैजापूर-गंगापूरकडील एखाद्या नातेवाइकाकडून उळे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकताना मूठभर मागून घ्यावे. देणाऱ्याने ते औषध लावून रंगविलेले असेल तर हात धुण्यास विसरू नये. बियाण्याविषयी शंका असली तर पोत्याच्या ओल्या तुकड्यावर शंभर दाणे ओळीने मांडून, गुंडाळून, दहा-बारा दिवस ओलसर ठेवावेत. सत्तरहून कमी दाण्यांना मोड आले तर त्या प्रमाणात दाट पेरावे, आणि निम्म्याहून कमी दाण्यांना आले तर ते बी टाकून द्यावे.

रोपवाटिकेसाठी सकाळपासून ऊन येणारी जागा हवी. जमिनीत करावयाची तर वितभर उंचीचा गादीवाफा करावा, कारण आपल्याकडील काळी माती पाणी धरून बसते आणि नाजूक रोपांची मान तेथेच कुजते. गच्चीवर करावयाची तर वीतभर खोल, बुडाला भोके असलेला कोणताही ट्रे वा फळांचे क्रेट चालते. त्यात दोन भाग चाळलेली माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू घालावी. शेणखत अर्धे कच्चे असेल तर तणांची व किडींची फौज सोबत येते. त्यात थोडी ट्रायकोडर्मा भुकटी मिसळल्यास मर रोगाला बराच आळा बसतो. पृष्ठभाग सपाट करून दोन-दोन इंचांवर बोटाने उथळ रेघा ओढाव्यात, एक ते दीड सेंटिमीटरहून खोल बी जाऊ देऊ नये, विरळ हाताने पेरून बारीक खताने झाकावे आणि झारीने पाणी द्यावे. वरून वाळल्या गवताचे पातळ आच्छादन घातले तर ओल टिकते. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान उगवण दिसू लागते, आणि ती पाहण्याजोगी असते. अंकुर सरळ वर न येता गुडघा दुमडल्याप्रमाणे वाकून निघतो, मग हळूहळू त्याचे टोक मातीतून सुटते आणि त्यावर बियाची काळी टोपी काही काळ राहते. उगवण दिसताच गवत संध्याकाळी काढून घ्यावे. येथून पुढे पाणी थोडे पण नियमित. सायंकाळी भिजवून रात्रभर ओली ठेवलेली रोपेच प्रायः कोलमडतात, म्हणून पाणी सकाळी द्यावे. दाटी झाली असेल तर उपटलेली कोवळी रोपे आमटीत घालावीत.

साधारण सात-आठ आठवड्यांनी रोप वितभर उंच होते आणि मुळाशी हरभऱ्याएवढी गाठ दिसू लागते. हीच लागणीची वेळ. याहून जाड झालेली रोपे पाहून मन मोहते, परंतु डेंगळे येतात ते मुख्यतः अशाच रोपांना. ती वेगळी काढून पातीसाठी लावावीत. रोपे काढण्याआधी वाफा भिजवावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत, आणि शेंड्याचा एक-तृतीयांश भाग कापावा, म्हणजे नव्या जागी बाष्पीभवनाचा भार कमी होतो. कायमच्या वाफ्यात ओळींत पंधरा व दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवून, ऊन उतरल्यावर, ओल्या मातीत अंगठ्याने दाबून लावावे. फार खोल लावू नये. खोल गेलेल्या रोपाचा कांदा लांबट निघतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे हलके पाणी द्यावे आणि दहा दिवसांच्या आत, रोपवाटिकेत राखून ठेवलेल्या रोपांनी, नांगे भरून घ्यावेत.

खताच्या बाबतीत घरगुती बागवानांचा उत्साह बहुधा घातक ठरतो. शेतीसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी साधारण शिफारस आहे. ती चौरस मीटरवर आणली तर युरिया सुमारे बावीस ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट एकतीस ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश आठ ग्रॅम एवढीच होते. सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही येते, आणि कांद्याचा तिखटपणा व डोळ्यांत येणारे पाणी ही गंधकाचीच करामत असल्याने ते हवेच. सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि निम्मा युरिया लागणीच्या वेळी, उरलेला युरिया महिन्याने व दीड महिन्याने दोन हप्त्यांत द्यावा. रासायनिक खत नको असणाऱ्यांनी चौरस मीटरला दोन किलो चांगले कुजलेले शेणखत आधी मिसळून थोडी निंबोळी पेंड द्यावी. दोन महिन्यांनंतर मात्र नत्र कोणत्याही रूपात देऊ नये, कारण मग पात हिरवीगार राहते, मान जाड होते आणि कांदा साठवणीच्या चाळीत लवकर सडतो. शेजाऱ्याच्या पातीचा रंग पाहून आपण आणखी एक मूठ टाकणे हा मोह आवरावा.

पाण्याचा बंदोबस्त येथे निराळा विचारात घेतला पाहिजे. मलिक अंबराने या नगरासाठी जमिनीखालून नहरींची जी तजवीज केली, तिचे अवशेष अजून पाहावयास मिळतात. आज पैठणच्या नाथसागराचे पाणी वर चढवून आणले जाते आणि अनेक वस्त्यांत नळ काही दिवसांच्या अंतराने येतो. कांद्याची मुळे जेमतेम वीतभर खोल जात असल्याने त्याला एकदम भरपूर पाणी देऊन फार दिवस विसरणे सोयीचे नसते. जमिनीतील वाफ्यास थंडीत दहा-बारा दिवसांनी आणि फेब्रुवारीनंतर सहा-आठ दिवसांनी पाणी पुरते. कुंड्यांना मार्चपासून एक दिवसाआड, कधी रोज लागते. स्वयंपाकघरात तांदूळ-भाजी धुतलेले पाणी या कामी उत्तम, साबणाचे मात्र नको. कांदा पोसू लागल्यावर कोरडे पडून एकाएकी भरपूर पाणी मिळाले की तो फाटतो किंवा जोड होतो, म्हणून साठवलेल्या टाकीतून थोडे-थोडे देणे हेच पथ्यकर. पात सरळ उभी व अरुंद असल्याने ती जमिनीवर सावली धरीत नाही आणि तण मोकाट माजते; पहिल्या दोन महिन्यांत दोन-तीन वेळा हलक्या हाताने खुरपणी झालीच पाहिजे, पण मुळे उघडी पडतील इतकी खोल नव्हे.

फेब्रुवारीच्या उबेबरोबर फुलकिडे येतात. पातीच्या बेचक्यात दडून ते रस शोषतात, पातीवर रुपेरी पांढरे ठिपके पडतात आणि शेंडे वाकडे होतात. आरंभीच पाण्याचा जोरदार फवारा मारला, निळे चिकट सापळे टांगले आणि आठवड्याने पाच टक्के निंबोळी अर्क फवारला तर घरच्या वाफ्याचे भागते. हा अर्क करण्यासाठी पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर रात्रभर भिजवून, गाळून, एक लिटर करावा. जांभळा करपा आल्यास रोगट पात काढून नष्ट करावी आणि संध्याकाळचे पाणी बंद करावे. तीव्र औषधाचा विचार ज्या वाफ्यातली पात खाण्यात येते तेथे करूच नये. रोगाची ओळख पटत नसली तर एक पात घेऊन पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्रात जावे. अवकाळी पाऊस व गारा या मराठवाड्याच्या उन्हाळ्याचे आता नित्याचे पाहुणे झाले आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रभर उभी पिके झोडपली होती. गच्चीवरील वाफ्यासाठी एक जुनी ताडपत्री हाताशी असू द्यावी.

लागणीनंतर एकशे दहा ते एकशे वीस दिवसांनी माना पडू लागतात. त्यापूर्वी पंधरा दिवस पाणी तोडावे. निम्म्याहून अधिक रोपांच्या माना आपोआप आडव्या झाल्या की कांदा काढावा. पाय देऊन माना पाडण्याची घाई पुष्कळ जण करतात, तिने कांदा पक्व होत नाही, फक्त जखमी होतो. काढलेले कांदे तीन-चार दिवस जागेवरच असे पसरावेत की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल, कारण एप्रिलच्या उन्हात उघडा कांदा भाजतो आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर तर दुपारभरात शिजतो. पात वाळल्यावर इंचभर मान ठेवून कापावी आणि पुढे दहा-बारा दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. या दोन सुकवण्यांत आळस केला तर उत्तम वाणही श्रावणापर्यंत पोचत नाही.

साठवताना जोड, डेंगळ्याचे व जाड मानेचे कांदे आधी खाऊन टाकावेत. उरलेले जाळीच्या पिशवीत टांगावेत किंवा बांबूच्या टोपलीत दोन-तीन थरांत ठेवावेत. चाळीचे तत्त्व हेच, खालून-बाजूंनी वारा खेळला पाहिजे. पंचवीस ते तीस अंशांत कांदा निद्रिस्त राहतो, दहा ते वीस अंशांत त्याला कोंब फुटतात; फ्रिज हीही त्याची जागा नव्हे. दर पंधरवड्यास हात फिरवून सडका वेचून काढावा.

ज्यांना घरचेच बी धरण्याची हौस असेल त्यांनी आश्विनापर्यंत टिकलेले, मध्यम आकाराचे, एकरंगी कांदे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावेत. थंडीत त्यांना गोंडे येतात आणि एप्रिलच्या सुमारास काही बोंडे फुटून काळे दाणे दिसू लागले की ते तोडून, वाळवून, मळून घ्यावेत. मात्र बी संकरित पिशवीतले असल्यास पुढील पिढी मूळ गुणांची निघत नाही, आणि मधमाश्या हजार मीटरांवरूनही दुसऱ्या वाणाचा पराग आणतात, म्हणून शहरात शुद्धतेची हमी कोणी देऊ शकत नाही. निघालेले बी पूर्ण कोरडे करून हवाबंद काचेच्या बरणीत, थंड जागी ठेवावे आणि त्याच वर्षीच्या कोजागिरीनंतर पेरावे. जे उरेल ते पुढील वर्षासाठी न राखता एखाद्या पसरट कुंडीत दाट टाकून त्याची पात खुडावी.